या, गाडीला हात लावा

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. यंदा कुठे जायचं, कोणाची गाडी चालू स्थितीत आहे, कोणाचं गिअरबॉक्सचं काम अजून नाना पेठेत अडकलंय. सीझन तसा छोटाच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मार्चपासून उन्हात रेडिएटर उकळायला लागतात आणि पावसाळ्यात सत्तर वर्षांच्या पत्र्याला कोणी मुद्दाम पाणी दाखवत नाही. त्यामुळे जे काही फिरायचं, भेटायचं, कोणासाठी काही करायचं ते या चार महिन्यांतच. यंदाचं प्लॅनिंग चालू आहे आणि नवीन मेंबर्स पण आलेत, त्यातल्या दोघातिघांनी विचारलं की तुमचं ते चॅरिटीचं नेमकं काय असतं, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढतेय.

पूर्वी आमचं आउटिंग म्हणजे रविवारी पहाटे निघायचं, जुन्या हायवेने लोणावळ्याला जायचं (एक्सप्रेसवेवर ताशी साठने चालणारी गाडी नेणं म्हणजे स्वतःचा आणि मागच्याचा जीव धोक्यात), नाश्ता करायचा, गाड्या ओळीत लावायच्या, फोटो, गप्पा, परत. कधी पुढे बोर घाटात उतरलो तर शिंग्रोबाला नाणं वाहायचं हे मात्र कधी चुकलं नाही, ज्या धनगराने इंग्रजांना हा घाट दाखवला त्याच्यासमोरून नुसतं हॉर्न वाजवत निघून जाणं बरं वाटत नाही. आणि वर्षातून एकदा कुठल्यातरी संस्थेला चेक. त्या दिवशी गाड्यांभोवती दोरी बांधलेली, प्रत्येक बॉनेटवर पाटी, ‘कृपया हात लावू नये’. लोक दोरीच्या बाहेरून बघायचे, मुलांचे हात आया मागे ओढायच्या. चेकने संस्थेची कामं झाली, ते पैसे खरेच होते आणि उपयोगी पडले, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्या दिवसात ज्या मुलांसाठी किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी हे सगळं चाललंय ते कुठे होते तर समोर सतरंजीवर, टाळ्या वाजवायला.

हे बदललं ते एका अंध मुलांच्या शाळेमुळे. तिथल्या बाईंना आम्ही फोन केला की मुलांना गाड्या दाखवायला आणतो, तर त्या म्हणाल्या आणा की, पण ते ‘हात लावू नये’ आमच्याकडे चालणार नाही, आमची मुलं हातानेच बघतात. ग्रुपवर यावरून बरीच चर्चा झाली. काहींचं नुकतंच पेंटिंग झालेलं, एकेकाचे दोन-दोन वर्षं पत्र्याच्या कामात गेलेले, काळजी वाटणं अगदी साहजिक होतं. शेवटी ज्यांना चालेल त्यांनीच यायचं असं ठरलं आणि बऱ्यापैकी गाड्या आल्या.

माझी गाडी मॉरिस मायनर, १९५३ ची, आजोबांनी घेतलेली. हिंदुस्तान मोटर्सने त्या काळात आपल्याकडे ही ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने विकली. इंजिन ८०३ सीसी, म्हणजे पुढे तीस वर्षांनी आलेल्या मारुती ८०० पेक्षा (तिचं ७९६) नावापुरतंच मोठं, आणि ओढायची ताकद त्याहून कमी. डिझाइन ॲलेक इसिगॉनिसचं, ज्याने नंतर मिनी बनवली. मी लहानपणापासून ही गाडी बघतेय, तिच्याखाली झोपून ग्रीस लावलंय, मला वाटायचं मला ती पूर्ण माहीत आहे. त्या दिवशी आठवीतला एक मुलगा पुढच्या मडगार्डवर तळवा ठेवून दारापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, ताई इथे कुठेच कोपरा नाहीये. खरंच नाहीये. मडगार्ड दारात असं विरघळत जातं की कुठे संपलं ते हाताला कळत नाही, आणि हे मी इतक्या वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मग मी चावी फिरवली. मॉरिसचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिक आहे, चावी फिरवली की बॉनेटखाली टिक टिक टिक सुरू होतं, कार्बुरेटर भरला की आपोआप थांबतं. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय की तो ऐकूच येत नाही, पण मुलांनी लगेच विचारलं हा कसला आवाज, आणि थांबला का. मी सांगितलं की पेट्रोल मागच्या टाकीतून पुढे येतंय, भांडं भरलं म्हणून थांबला. मग प्रत्येकाला बॉनेटखाली वाकून तो आवाज ऐकायचा होता आणि पंपाला बोट लावून बघायचं होतं, प्रत्येक टिकला हाताला बारीकसा ठोका लागतो. आणि सगळ्यात जास्त गर्दी झाली इंडिकेटरला. या गाडीला लुकलुकणारा दिवा नाही, स्विच फिरवला की दारामागच्या खांबातून एक छोटा पिवळा हात बाहेर येतो, वळून झालं की आत जातो. मुलं त्याच्यावर बोट ठेवून उभी, मी स्विच फिरवतेय, बाहेर, आत, बाहेर, आत. पलीकडे एकांची डॉज उभी होती, १९४७ ची, तिच्या बॉनेटचा नाकासारखा पुढे आलेला भाग चाचपून मुलं आपापसात वाद घालत होती की मोठी कोणती. एका मुलीने फक्त हॉर्नवरून पाच गाड्या ओळखून दाखवल्या, डोळस मुलांनाही जमलं नसतं असं म्हणणार होते पण आम्हालाच जमलं नसतं. गाड्यांना काय झालं? काही नाही. संध्याकाळी फडक्याने बोटांचे ठसे पुसले, बस.

पुढच्या वर्षी आम्ही एक पाऊल पुढे गेलो, आणि माझ्या मते ग्रुपने आजवर केलेलं हे सगळ्यात चांगलं काम. अंध नॅव्हिगेटर्सची रॅली. ही कल्पना आमची नाही, मुंबई आणि इतर शहरांत अशा रॅली नव्या गाड्यांवर झालेल्या आहेत, आम्ही फक्त जुन्या गाड्या घेतल्या. ज्यांना रॅली म्हटलं की सुसाट गाड्या डोळ्यांसमोर येतात त्यांच्यासाठी सांगते, ही टीएसडी रॅली असते, टाइम-स्पीड-डिस्टन्स. रूट शीटवर लिहिलेलं असतं की अमुक अंतरावर डावीकडे, तमुक टप्प्यात सरासरी ताशी ३० किलोमीटर, आणि वाटेत कुठेतरी गुपचूप टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवणारे थांबे, लावलेले असतात. उशिरा पोचलात तर पेनल्टी, लवकर पोचलात तरी पेनल्टी. आणि इथे रूट शीट ब्रेलमध्ये असते. म्हणजे ड्रायव्हरला काहीच माहीत नाही, रस्ता फक्त नॅव्हिगेटरच्या बोटांखाली आहे. तो सांगेल तिथे वळायचं. मदत करणारा आणि मदत घेणारा असला प्रकारच राहत नाही, त्याच्याशिवाय मी हडपसरच्या बाहेरसुद्धा नीट पडू शकत नाही.

माझ्याकडे आला तो मडगार्डवाला मुलगाच. त्याने बसल्या बसल्या विचारलं, ताई तुमच्या मीटरवर मैल आहेत ना, शीटवर किलोमीटर आहेत. बरोबर होतं, गाडी इंग्लिश, मीटर मैलाचं. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत तो म्हणाला राहू दे, मी सांगतो, आणि पूर्ण रस्ताभर तोंडी हिशोब, २.४ किलोमीटर म्हणजे दीड मैल, चार किलोमीटर म्हणजे अडीच, ३० चा स्पीड म्हणजे काटा १९ च्या जरा खाली ठेवा. मला फक्त मीटर मोठ्याने वाचत राहायचं होतं.

दिवे घाटात गाडी तापली. अर्ध्या चढावर तो एकदम म्हणाला, ताई टिकटिक फास्ट झालीये. मला इंजिनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, आणि त्यानंतर थोड्याच वेळात गाडी खोकायला लागली. व्हेपर लॉक. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढत राहतो म्हणून वेड्यासारखा टिकटिकतो. जुन्या गाडीवाल्यांकडे याचा उपाय ठरलेला, गाडी कडेला, बॉनेट वर, पंपावर ओलं फडकं आणि शांत बसायचं. आम्ही कठड्याजवळ बसलो, खाली मस्तानी तलाव दिसत होता तो मी त्याला सांगितला, केवढा, कुठल्या बाजूला, पाणी किती, तो मला मधूनमधून वेळ विचारत होता. टिकटिक पुन्हा हळू झाली ती पण त्यानेच सांगितली. निघाल्यावर मी जरा दामटवायला लागले तर लगेच, नाही ताई, स्पीड वाढवू नका, हा टप्पा गेला तो गेला, पुढच्या कंट्रोलला लवकर पोचलो तर डबल नुकसान. आमचा नंबर आला नाही. सासवडला जेवणाच्या वेळी तो आयोजकांकडे गेला आणि प्रत्येक कंट्रोलचा टाइम मागून घेतला, पहिला आलेल्या टीमच्या टायमिंगशी ताडून बघितला, आणि मला येऊन सांगितलं की घाट सोडला तर आपण दुसरे होतो.

यात पैसे किती जमले हे लोक विचारतात. जमले, पण पद्धत सांगते कारण नवीन लोकांचा इथे घोळ होतो. आम्ही राइड विकत नाही. ‘शंभर रुपये द्या आणि विंटेज गाडीत चक्कर मारा’ हे ऐकायला छान वाटतं पण खाजगी नंबरच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, कारण चांगलं असलं तरी नाही बसत. त्यामुळे पैसे देतो तो गाडीमालक, एंट्री फी म्हणून, पेट्रोल ज्याचं त्याचं, आणि बघायला आलेल्यांना द्यायचे असतील तर थेट संस्थेच्या खात्यात. आमच्या खात्यातून काही जात नाही. देणगीवर आयकरात सवलत मिळते त्यासाठीची पावती (८०जी ची म्हणतात ती) संस्थाच देते, आणि हे लक्षात ठेवा की रोख २००० च्या वर दिले तर त्यावर ती सवलत मिळत नाही, ऑनलाइन किंवा चेकने द्या. दुसरं, काय हवं ते आधी विचारायचं. शाळेला हवा होता ब्रेलचा जाड कागद, तो महाग असतो आणि प्रचंड लागतो, एका साध्या पुस्तकाची ब्रेलमध्ये कितीतरी जाड बाडं होतात. एका वृद्धाश्रमात आम्ही ब्लँकेट्स द्यायचा विचार करत होतो, तिथल्या ताई स्पष्ट म्हणाल्या, ब्लँकेटं कपाटात मावत नाहीत आता, सगळे तीच देतात, आम्हाला मोठ्यांचे डायपर लागतात ते कोणी देत नाही कारण त्याचा फोटो काढता येत नाही. त्या वर्षीपासून आम्ही तेच देतो. आणि फोटो कमी काढतो, मुलांचे तर शाळेने होकार दिल्याशिवाय अजिबात नाही.

वृद्धाश्रमाची ट्रिप दरवर्षी जेजुरीची असते. तिची तयारी रॅलीपेक्षा जास्त, कारण इथे गाडी माणसाच्या गुडघ्याप्रमाणे निवडावी लागते. बघायला सगळ्यात भारी असतात त्या फूटबोर्डवाल्या उंच गाड्या, पण त्यात चढणं ऐंशीच्या आजींना शक्य नसतं. जीप तर विचारूच नका. सगळ्यात सोयीची अँबॅसिडर, दार मोठं, सीट उंच आणि सोफ्यासारखी, आत वाकून शिरावं लागत नाही, म्हणून आम्ही त्या दिवशी ग्रुपबाहेरच्या अँबॅसिडरवाल्यांनाही बोलावतो, गाडी पन्नास वर्षांची आहे की तीस हे कोणी बघत नाही. यातल्या बऱ्याच गाड्यांना सीट बेल्ट नाहीत, तर स्पीड चाळीसच्या आत, पुढे-मागे आजच्या गाड्या, एक डॉक्टर सोबत. गडाच्या पायऱ्या कोणाला चढवायच्या नाहीत हे ठरलेलं, पायथ्याशीच हात जोडायचे आणि तिथेच भंडारा उधळायचा. येळकोट येळकोट झालं की आपोआप सगळ्या सीटा पिवळ्या. ज्यांचं क्रीम रंगाचं लेदर आहे ते काकासुद्धा दरवर्षी येतात, त्यांनी एकदाही सीटवर चादर घातलेली मी पाहिली नाही.

मागच्या खेपेला एक आजी पद्मिनीत बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर मुंबईत टॅक्सी चालवायचे, काळी-पिवळी, दादरच्या स्टँडवर. बसताच त्यांनी ते स्टिअरिंगवरचं गिअर हातात धरलं आणि चालवणाऱ्या दादाला सांगायला लागल्या की पहिला गिअर टाकताना हे असं जरा स्वतःकडे ओढायचं, ते रात्री जेवताना ताटावर पण असाच हात करायचे. मग घर कुठे होतं, भाड्याची गाडी स्वतःची कधी झाली, पासिंगच्या आदल्या रात्री चाळीतली सगळी पोरं मिळून गाडी कशी धुवायची, जेजुरी येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. आश्रमातल्या ताई म्हणाल्या की त्या एरवी फारशा बोलत नाहीत. परत येताना त्यांनी विचारलं मुंबईत आता किती राहिल्यात, आणि दादाला सांगावं लागलं की २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी पण बंद झाली, वीस वर्षांची मर्यादा संपली. त्या म्हणाल्या, मग ही नीट ठेव.

हे ‘नीट ठेवणं’ म्हणजे काय यावरच माझं आणि काही मित्रांचं पटत नाही. गॅरेजमध्ये कव्हर घालून ठेवलेली गाडी नीट राहत नाही. सीलं वाळतात, ब्रेकचे सिलेंडर जाम होतात, टाकीत गंज धरतो, त्यात आता पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं. गाडी महिन्यातून दोनदा चालली तर तब्येतीत राहते, आणि चालवायला कारण लागतं, आम्हाला ते कारण या मुलांनी आणि आजी-आजोबांनी दिलं. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवशी छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, गर्दी जेवढी सोन्यासाठी असते तेवढीच त्या गाडीसाठी. ती काचेआड ठेवून दिली असती तर लोकांना ती आपली वाटली असती का?

कायदाही हेच म्हणतो, एका अर्थी. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी ‘व्हीए’ सिरीजमध्ये विंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,०००, दहा वर्षांसाठी, नंतर ५,०००. मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, पण रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यासाठी रस्त्यावर आणता येते. म्हणून नोंदणी बदलायच्या आधी नीट विचार करा.

इंग्लंडमध्ये या बाबतीत एक गोष्ट फार छान आहे. लंडन ते ब्रायटनची ती प्रसिद्ध रन सगळ्यांना माहीत असते, १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये गाड्यांची वेगमर्यादा वाढली त्याच्या आनंदात निघालेली, आता त्यात १९०५ च्या आधीच्याच गाड्या भाग घेतात. पण मला जास्त आवडतो तो त्यांचा ‘ड्राइव्ह इट डे’. १९०० साली २३ एप्रिलला हजार मैलांची एक चाचणी लंडनहून निघाली होती, मोटारगाडी खरंच लांब जाऊ शकते हे लोकांना दाखवायला, त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या तारखेजवळच्या रविवारी देशभरातले लोक आपापली जुनी गाडी बाहेर काढतात. मोठा कार्यक्रम नाही, स्टेज नाही, गाडीला लावायची एक पाटी विकत घ्यायची आणि तिचे पैसे चाइल्डलाइनला जातात, संकटातल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, आपल्याकडच्या १०९८ सारखी. ज्याच्याकडे साधी छोटी गाडी आहे तो पण भाग घेतो आणि ज्याच्याकडे रोल्स आहे तो पण. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात शक्य नाही, पण जानेवारीतला एखादा रविवार महाराष्ट्रातल्या सगळ्या ग्रुप्सनी मिळून ठरवला, पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, ज्याने त्याने आपल्या गावातल्या एका संस्थेसाठी गाडी काढली, तर होण्यासारखं आहे. मी आमच्या ग्रुपवर हे मांडलंय, नाशिकच्या दोघांनी उत्साह दाखवलाय.

तर यंदाचं. ब्रेल रॅली जानेवारीत, रूट दिवे घाटाने वर आणि येताना बोपदेव, तारीख शाळेच्या परीक्षा बघून ठरेल. ड्रायव्हर हवे आहेत, गाडी विंटेजच हवी असं नाही, पण रूट शीट आधी बघायला मिळणार नाही आणि नॅव्हिगेटर सांगेल ते ऐकायची तयारी हवी. जेजुरीसाठी अँबॅसिडर कमी पडतायत, कोणाच्या काकांकडे, शेजाऱ्यांकडे असेल तर विचारा, चालवायला आम्ही येऊ. पंपावर टाकायला जुनी सुती फडकी आणि पाण्याचे कॅन प्रत्येकाने आपापले आणायचे. माझा नॅव्हिगेटर आता दहावीत आहे, त्याने फोन करून कळवलंय की प्रिलिम संपल्यानंतरची तारीख धरा आणि घाटाच्या आधी पाच मिनिटं गाडी थंड करायला थांबायचं, तेवढा वेळ तो सुरुवातीच्या टप्प्यातून काढून देणार आहे.